कोडीचा डीपी

अयोध्यानं पाठवलेला प्रस्ताव तीन ओळींत परत आला.

उमरग्याच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की कुणीच नाही. अशी आठ वर्षं गेली होती. बापानं मेंढरं राखून तिला एम.ए.पर्यंत शिकवलं, सेटची परीक्षा तिनं स्वतःच्या हिमतीवर काढली. पण कायमच्या जागेची जाहिरात काही निघाली नाही. आणि मग फेब्रुवारीत तिला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं प्रादेशिक व पर्यावरण अभ्यासाचं नवं केंद्र काढलं होतं. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, सोबत पीएच.डी.ची नोंदणी, वयाची अट छत्तीस. अयोध्याला तेहतिसावं लागलं होतं. तिनं ती जाहिरात इतक्यांदा वाचली की स्वल्पविरामासकट पाठ झाली.

प्रस्ताव लिहायला तिनं दोन महिने घातले. विषय होता दुष्काळी पट्ट्यातली हिरवाई वीस वर्षांत कशी बदलली. संदर्भांची यादीच सहा पानांची. एप्रिलच्या अखेरीस उत्तर आलं, केंद्राच्या प्रमुख डॉ. उमादेवी पंचाक्षरी यांच्या सहीचं.

'प्रस्ताव नेटका आहे. पण हे काम आम्ही इथं बसून उपग्रहाच्या चित्रांवरून करू शकतो. तिथं राहणाऱ्या माणसालाच कळेल असं तुमच्याकडे काय आहे? दुसऱ्या फेरीची मुदत ३० जून.'

अयोध्याला आधी राग आला. मग वाटलं, बाई खोटं काही बोलली नाही.

संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती आणि नवरा, भागवत, पलीकडं बसून चहा पीत होता. भागवत वीज मंडळात वायरमन. त्याच्याकडं सात गावं होती आणि त्या सात गावांतली माणसं त्याला बायकोपेक्षा जास्त हाका मारायची. फोन वाजला. त्यानं सवयीनं स्पीकर लावला.

"वायरमन साहेब, म्या हिरेवाडीहून बोलायलोय. कोडीचा डीपी उडालाय. सकाळधरून मोटार बंद हाय, ऊस वाळायलाय."

"आन् तुंबाचा?"

"तुंबाचा चालू हाय. गद्द्याचाबी चालू हाय. फकस्त कोडीचा गेलाय बघा."

"येतो," म्हणून भागवत उठला. पायात बूट घालता घालता त्यानं बघितलं तर अयोध्याचा सुरीवरचा हात थांबला होता.

"कोडी म्हणजे काय?"

"डीपीचं नाव." शेतातल्या मोटारींना वीज देणारा तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, अख्खा इलाका त्याला डीपीच म्हणतो.

"ते कळलं हो. पण कोडीच का?"

"ज्या रानात डीपी, त्या रानाचं नाव. कागदावर नंबर असतोय, पण नंबर सांगून आजवर कुणाला डीपी सापडलाय?"

"हिरेवाडीचे सगळे सांगा."

"आत्ता? ऊस वाळायलाय त्याचा."

"पाच मिनिटं."

भागवतनं दारातच उभं राहून नावं सांगितली. चिंचेचा, मारुतीचा, पाटलाचा, थोरल्या विहिरीचा, बांधावरचा, अशी एकामागं एक अकरा. अयोध्यानं ती विजेच्या बिलाच्या पाठीवर उतरून घेतली. सात नावांचा अर्थ लहान पोरानं सांगितला असता. चार नावं मात्र तिला लागेनात: केराचा पट्टा, तुंबाचं शेत, कोडीचं रान, गद्द्याची पट्टी.

त्या रविवारी ती स्कूटी घेऊन हिरेवाडीला गेली. कर्नाटकच्या शिवेपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. नाव हिरेवाडी, पण हिरा सोडा, धड गारगोटी सापडायची मारामार. पारावर चारपाच माणसं बसली होती. वायरमनची बायको म्हटल्यावर त्यांनी तिला तातडीनं खुर्ची आणून दिली.

"केराचा पट्टा व्हय? तिथं पूर्वी गावचा केर टाकायचे," एकानं सांगितलं.

"गावापासून दीड किलोमीटर लांब?"

दुसरा म्हणाला, "तुंबाचं रान म्हंजी पाणी तुंबतंय म्हणून."

"तुंबतं का?"

"न्हाय की. उताराचं रान हाय ते."

कोडी म्हणजे वीस, म्हणून वीस एकराचं रान ते कोडी, असं तिसऱ्यानं ठासून सांगितलं. आणि ते रान सात एकरच आहे असं शेजारच्यानं त्याला तितकंच ठासून सुनावलं. गद्द्याच्या पट्टीतली माती गादीवानी मऊ, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्याडम, आमी काय सांगावं? शिवगंगाबाईला इचारा. तिला समदं ठावं असतंय, आन् न्हाय ठावं तरी ती सांगतीया."

शिवगंगाबाई अंगणात कुरडया घालत होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं काटक, नाकात चमकी. माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली. अयोध्यानं चारही नावं एका दमात वाचून दाखवली आणि पारावरच्यांनी काय काय सांगितलं तेही सांगितलं. म्हातारीनं कुरडईचा साचा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"केर म्हनं! अगं बया, केर न्हाय, केरे. केरे म्हंजी तळं. आमच्या माहेराला गावच्या तोंडालाच केरे हाय."

"कन्नड?"

"मग काय? कोडी म्हंजी, तळं भरलं की पानी बाजूनं सांडून जातंय बघ, ती जागा. आन् तुंब न्हाय. तूबू. बांधाच्या पोटातनं पानी सोडायचं भोक असतंय, दगडाचं. त्यो तूबू."

अयोध्यानं भराभर लिहून घेतलं. "आणि गद्द्याची पट्टी?"

"गद्दे? भाताचं रान."

"भात? हिरेवाडीत?" इथं ज्वारी, तूर, हरभरा, अलीकडं सोयाबीन आणि ऊस. भाताचं नाव कुणी काढत नव्हतं.

"म्या कुठं म्हनले भात हाय? म्या म्हनले गद्दे म्हंजी भाताचं रान." म्हातारीनं साचा परत उचलला. "आन् हिरेवाडी म्हंजी थोरली वाडी. हिरे म्हंजी थोरलं. हिरा कुठनं आला मधी?"

"मग आजी, तुम्ही हे कधी गावात कुणाला सांगितलं नाही?"

"कुनी इचारलं न्हाय. आन् सासू म्हनायची, हितं मराठीत बोलायचं. मग बोलले मराठीत. साठ वरसं झाली." ती सहज म्हणाली, तक्रारीचा सूर नव्हता. "तू इचारलीस म्हनून सांगितलं. बस, कुरडईचा चीक खाऊन जा."

अयोध्यानं मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं, प्रत्येक शब्द दोनदोनदा म्हणवून घेतला. चीकही खाल्ला. पण तिचं लक्ष खाण्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. तिनं हिरेवाडीचा गाव नकाशा जमिनीवर पसरला. त्यावर प्रत्येक गटाचा नंबर आणि हद्द असते. भागवतनं सकाळी जाण्याआधी चारही डीपी कोणत्या गटांत आहेत ते पेन्सिलनं दाखवलं होतं. तिनं रंगीत खडू घेतले. केराचा पट्टा निळा. त्याच्या खालच्या अंगाला, उताराकडं, गद्द्याची पट्टी हिरवी. तुंबाचं शेत दोघांच्या बरोबर मध्ये. कोडीचं रान एका कडेला, टेकाडाच्या पायथ्याशी.

ती गुडघ्यांवर बसून राहिली. वर तळं. मध्ये पाणी सोडायचं भोक. कडेला सांडवा. खाली भाताचं रान. ही चार वेगळी नावं नव्हतीच मुळी, एकाच कामाचे चार भाग होते. आणि निळ्या-हिरव्याच्या मधून एक बैलगाडीची वाट गेली होती. गावातल्या बाकी सगळ्या वाटा वाकड्यातिकड्या. ही एकच वाट पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ, या टेकाडापासून त्या टेकाडापर्यंत. काल ती त्याच वाटेनं स्कूटीवरून गेली होती. दोन्ही बाजूंची रानं खाली दिसत होती आणि तिला एवढंच वाटलं होतं, बरं झालं बाई, चिखल नाही.

ती वाट नव्हती. तो बांध होता.

तिनं भागवतला फोन लावला. तीनदा वाजून गेला, चौथ्यांदा उचलला.

"अहो, ऐका! ते तळं आहे!"

"कुठलं तळं? खांबावर हाय मी."

"मग उतरा खाली!"

"पडलंय का काही? बरी हायस ना?"

"उतरा, मग सांगते. केराच्या पट्ट्यात तळं होतं. खरंखुरं, केवढं तरी मोठं!"

मग भागवत म्हणाला, "अगं, मी त्याच पट्ट्यात हाय. महारुद्र शेततळं खणायलाय. जेसीबीला तार आडवी येत व्हती म्हणून ती काढून द्यायला आलोय. परवा वरून प्लास्टिकचा कागद अंथरणार हायत."

अयोध्यानं नकाशा गुंडाळला, डोक्याला ओढणी बांधली आणि मे महिन्याच्या भर दुपारी स्कूटीला किक मारली.

केराच्या पट्ट्यात जेसीबीनं दहा फूट खोल खड्डा उकरला होता. महारुद्र पन्नाशीचा बेताचा शेतकरी. हातात नकाशा, कॉलेजची बाई आणि त्यात ती खड्ड्याच्या तोंडाशी पळत आलेली, हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"म्याडम, काम बंद पाडताव का काय? मंजुरी हाय माझ्याकडं."

"नाही हो, काका. तुमचं शेततळं होणार. मला फक्त भिंत बघू द्या."

"कुठली भिंत?"

ती उतरणीवरून घसरतच खाली गेली. उकरलेली कड तिच्यासमोर उभी होती, ताजी, ओलसर. वर काळी माती, कमरेएवढी. तिच्याखाली एरवी या भागात कुठंही न दिसणारा करडा-निळसर गाळ, पिठासारखा बारीक, थरावर थर. तिनं बोट रोवलं तर लोण्यात गेल्यासारखं गेलं. आणि त्या गाळात पांढरे ठिपके होते. तिनं एक नखानं उकरून काढला. हरभऱ्याएवढा शंख. शेजारी दुसरा. मग तिसरा. डोळे सरावले तसं लक्षात आलं, सगळी कड त्यांनी भरलेली होती. पाण्यातल्या गोगलगाई, हजारोंनी, कोरड्याठाक रानाच्या पोटात.

"भागवत!" ती ओरडली. गावात, चारचौघांत, तिनं नवऱ्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

भागवत उतरला, त्याच्यामागं महारुद्र उतरला. तिनं शंख महारुद्रच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं: केरे म्हणजे काय, बांध कुठला, भात कुठं. महारुद्र ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पालटत होता.

"म्हंजी, म्या तळं खणायलोय ते तळ्यातच?"

"तळ्यातच."

"आन् आमचं ह्ये रान खत न टाकता तूर देतंय, ते ह्या गाळामुळं?"

"असणार."

महारुद्रनं वर बघून जेसीबीवाल्याला हाक दिली. "ए, बकेट थांबव! ही कड तासून दे, सरळ. लोण्यावानी तासून दे, बाईला बघायचीय." मग अयोध्याकडं वळून म्हणाला, "किती दिवस पाहिजेत तुमाला? कागद चार दिवसांनी टाकतो म्या. पाऊस काय उद्या येत न्हाय."

पुढचे चार दिवस हिरेवाडीत दुसरा विषय नव्हता. अयोध्यानं दर वीतभर अंतरावर मातीचे नमुने घेतले, पिशव्यांवर खोली लिहिली, कडेचा चित्रासारखा आराखडा काढला. पारावरची माणसं आळीपाळीनं खड्ड्यात उतरून शंख बघून गेली आणि केराची गोष्ट सांगणारा तो माणूस आता येणाऱ्या-जाणाऱ्याला, मला आधीपासून शंका व्हतीच, असं सांगू लागला. शिवगंगाबाई नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली. तिनं शंख हातात घेतला, उन्हात धरला.

"आमच्या केरेच्या काठाला असलेच पडत्यात. लहान असताना खेळायचो आमी." आणि मग दरडावून, "आता तूबू हुडक. बांध हाय तर तूबू असनारच."

तूबू काही सापडला नाही. तुंबाच्या शेतात बाभळीचं काटवण माजलं होतं. दोन दिवस सगळ्यांनी तिथं अंग ओरबाडून घेतलं, पण हाती काही लागलं नाही.

जून लागला. अयोध्या नवा प्रस्ताव लिहायला बसली आणि तिसऱ्याच पानावर अडली.

"एका गावानं काय होतं?" ती भागवतला म्हणाली. "त्या बाई विचारणार. हिरेवाडीत जमलं असेल योगायोगानं. दुसरीकडं काय? मी एकटी किती गावं फिरू?"

भागवत जेवत होता. त्यानं घास तोंडात ठेवला, चावला, गिळला. मग म्हणाला, "आमचा ग्रुप हाय की."

"कसला?"

"वायरमनचा. तालुक्यातले सगळे हायत, शेजारच्या लोहाऱ्याचे बी हायत. एकशे चाळीस माणसं. दिवसभर गुड मॉर्निंग आन् फुलं टाकत बसत्यात. जरा कामाला लावू."

त्यानं डाव्या हातानं मेसेज लिहिला: 'मित्रांनो, आपापल्या गावातल्या डीपींची नावं टाका. नंबर नको. लोक म्हणतात ती नावं. घरच्या अभ्यासासाठी पाहिजेत.' पहिली दहा मिनिटं एक हसरा चेहरा आणि दोन अंगठे आले. मग सास्तूरच्या एका वायरमननं सोळा नावं टाकली. त्याचं बघून दुसऱ्यानं बावीस टाकली. मग जणू पैजच लागली. कुणी बोलून पाठवली, कुणी वहीच्या पानाचे फोटो काढून. एकानं लिहिलं, 'आमच्याकडं एक हालाचा डीपी हाय, अर्थ म्हाईत न्हाय, पण तिथं वढा हाय.' अयोध्यानं शिवगंगाबाईला फोन लावला. "हळ्ळ," म्हातारी पलीकडून लगेच म्हणाली, "हळ्ळ म्हंजी वढाच."

आठवड्यात त्रेसष्ट गावांतली चारशेअठरा नावं जमली. त्यांत कोडी नऊ ठिकाणी होतं. तूबूचं काही ना काही रूप सहा ठिकाणी, गद्दे पाच ठिकाणी. अयोध्यानं ती नकाशावर टाकली तेव्हा भिंतीवर जागा उरली नाही. भागवत स्टुलावर उभा राहून टाचण्या टोचत होता आणि ती खालून गावं वाचत होती. मध्येच तो म्हणाला, "पंधरा वर्षं झाली मला ह्या खांबांवर चढून. म्या समजत व्हतो, नुसती वीज पोचवायलोय."

नवव्या कोडीची टाचणी लागली तेव्हा दोघांनी मिळून अख्खी किलोभर जिलेबी आणली आणि बरीचशी स्वतःच संपवली.

२८ जूनला प्रस्ताव गेला. ९ जुलैला मुलाखतीचं बोलावणं आलं.

पुण्यात संस्थेच्या खोलीत तिघं बसले होते: मध्ये डॉ. उमादेवी पंचाक्षरी, बारीक केस कापलेल्या, साठीच्या आसपासच्या. दोन बाजूंना दोन प्राध्यापक, एक मृदाशास्त्राचे, एक इतिहासाचे. अयोध्यानं नकाशा उलगडला आणि सांगायला सुरुवात केली.

"तुम्ही गद्दे म्हणता," उमादेवी मॅडम मध्येच म्हणाल्या. "माझं घर बिदरचं. कन्नडमध्ये गड्डे असाही शब्द आहे, त्याचा अर्थ कांदा, कंद, ढेकूळ. मराठी माणसाच्या तोंडात दोन्हींचं गद्दा होऊ शकतं. मग भातच कशावरून?"

अयोध्यानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि शिवगंगाबाईचा आवाज लावला. त्या थंडगार खोलीत म्हातारी खणखणीत बोलली, "गद्दे. गद्दे. किती येळा म्हनू? भाताचं रान!" इतिहासाचे प्राध्यापक हसले.

"पुन्हा लावा," उमादेवी मॅडम म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. "उच्चार स्वच्छ आहे. पण त्या बाईंनी तुमचा शब्द ऐकून आपल्या ओळखीचा शब्द सांगितला असेल."

"हो, असू शकतं," अयोध्या म्हणाली. "म्हणून मी नावावर थांबले नाही. हे मातीचे थर. हे शंख. ही वाट, हिची उंची दोन्ही बाजूंच्या रानांपेक्षा साडेसहा फूट जास्त आहे, मी आणि माझ्या नवऱ्यानं पाण्याची नळी लावून मोजली. गद्द्याच्या पट्टीत भात पिकत होता याचा पुरावा अजून माझ्याकडं नाही. त्या मातीत भाताचे सूक्ष्म अवशेष मिळतात का ते प्रयोगशाळेत बघावं लागेल. ते मला शिकायचं आहे."

"तूबू मिळाला?" मृदाशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही सर. दोन दिवस शोधला. नाही मिळाला."

"बाकीच्या आठ कोडींचं काय?"

"चार ठिकाणी जाऊन आले. तीन ठिकाणी खोलगट रान आणि त्याच्या कडेलाच कोडी. चौथ्या ठिकाणी मी फसले. तिथं कोंडिबा नावाचे शेतकरी होते, त्यांच्या नावावरून कोंडीचं रान, पुढं कोडीचं. तेही मी यादीत ठेवलंय, चुकलेलं म्हणून."

उमादेवी मॅडमनी यादी पुढं ओढून घेतली. चारशेअठरा नावांवरून त्यांचं बोट बराच वेळ खाली खाली सरकत राहिलं. "ही नावं जमवली कुणी?"

"वायरमन लोकांनी."

"काय?"

मग अयोध्यानं डीपीची सगळी गोष्ट सांगितली. उसाच्या फोनपासून फुलं टाकणाऱ्या ग्रुपपर्यंत. पंधरा मिनिटांची मुलाखत सव्वा तास चालली, आणि शेवटी तिघं आपसातच वाद घालायला लागले, हे तळं कुठल्या काळातलं असेल यावर. अयोध्या एकीकडून दुसरीकडं बघत राहिली आणि तिला एकदम जाणवलं, ही माणसं माझ्या हिरेवाडीवरून भांडतायत.

तिला बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी परत आत बोलावलं.

"निवड झालेल्यांना आम्ही विचारतो, पुण्याला राहायला कधी येणार," उमादेवी मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला नाही विचारणार. तुम्ही उमरग्यातच राहायचं. वर्षातून दोन महिने प्रयोगशाळेसाठी इकडं या. बाकी काम तिथं. कबूल?"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, एक विनंती आहे. पहिला लेख छापला जाईल, त्यावर शिवगंगाबाईंचं नाव पाहिजे. आभारात नाही. लेखक म्हणून."

"त्यांचं शिक्षण?" इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारलं.

"चौथी. कन्नड शाळेत."

उमादेवी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियमात बसतं का ते बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "नसलं बसत तर नियम लिहिणाऱ्यांशी बोलावं लागेल. लेख तर होऊ द्या आधी."

बाहेर आल्यावर अयोध्यानं जिन्यातच भागवतला फोन लावला. तो पुन्हा खांबावर होता. या वेळी तो आपणहून म्हणाला, "थांब, उतरतो," आणि खाली उतरला. तिनं सांगितलं. मग फोनमधून भागवतचा आवाज दूर गेला, तो रानातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होता, "झालं! तिचं झालं!" आणि ज्याला काय झालं ते ठाऊकच नव्हतं, तो माणूसही तिकडून आनंदानं ओरडला.

शिवगंगाबाईला बातमी द्यायला अयोध्या पेढे घेऊन गेली. म्हातारीनं पेढा देवापुढं ठेवला, एक तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता कुठलं गाव?"

"आजी, मी पुढच्या महिन्यापासून सुरू करणार. तुम्ही घरीच बसा, मी फोनवर विचारत जाईन."

"फोनवर काय कळतंय? मानूस काय बोलतंय त्ये तोंडाकडं बघून कळतंय." मुलगा आतून म्हणाला, आई, या वयात कुठं फिरतीस? म्हातारीनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. "साठ वरसं ह्याच गावात फिरले. जरा बाकीची गावं बघू दे की."

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी त्या दोघी मुरूम गावाच्या अंगाला निघाल्या. शिवगंगाबाईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली होती, आणि स्कूटीवर ती अशी ताठ बसली होती की समोरून येणारी माणसं वळून बघत होती. गावात शिरल्या शिरल्या तिनं पिंपळाखालच्या म्हाताऱ्यांना कन्नडमध्ये हाक दिली. ते दचकले, मग एकानं तोंडभर हसून उत्तर दिलं. बघता बघता सातआठ जण जमले. नावांमागून नावं येऊ लागली. अयोध्याला लिहायला हात पुरेना. शिवगंगाबाई एकेकाचा अर्थ लावत होती, वाद घालत होती, चुकलं तर कबूल न करता विषय बदलत होती.

मग एक म्हातारा म्हणाला, "आन् त्या पलीकडं बसगिंदीचा माळ हाय."

शिवगंगाबाई थबकली. "काय म्हनलास?"

"बसगिंदी."

तिनं त्याला तीनदा म्हणायला लावलं. ओठांशी पुटपुटून बघितलं. मग अयोध्याकडं वळली, आणि तिच्या डोळ्यांत अशी चमक होती की अयोध्याला वाटलं आता काहीतरी मोठं निघणार.

"ह्ये मला ठावं न्हाय," म्हातारी म्हणाली. "आजपतोर ऐकलं न्हाय. काय आसंल गं?"

अयोध्यानं नव्या पानावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला. ती वर बघते तो शिवगंगाबाई उठली होती, पदर खोचला होता, आणि त्या म्हाताऱ्याला माळाची वाट विचारत होती.